बोकड बघायच्या आधी त्याच्या आईचं पान बघा

शेळ्यांचं विचारायला लोक घरी येतात नाहीतर फोन करतात तेव्हा प्रश्न ठरलेले असतात, किती शेळ्यांपासून सुरुवात करू, शेड केवढं बांधू, अनुदान मिळतं का. बोकडाचं कुणीच विचारत नाही. सगळं बोलून झालं की उठता उठता म्हणतात, हां ताई, एखादा बोकड पण द्या त्यात. मला तिथं खरंच राग येतो, कारण पंचवीस-तीस शेळ्यांना एक बोकड पुरतो आणि त्या सगळ्या शेळ्यांच्या सगळ्या करडांमध्ये निम्मा वाटा त्या एकाचा असतो. शेळी वाईट निघाली तर एका शेळीचं नुकसान, बोकड वाईट निघाला तर अख्खा कळप दोन वर्षं मागं. तरी तो "त्यात" पाहिजे असतो. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहावं, मी हे काम कसं करते आणि त्यात वेळ कुठं जातो.

मी तुळजापूर तालुक्यातल्या एका गावात उस्मानाबादी शेळ्यांची पैदास करते. पैदास म्हणजे करडं वाढवून मटणाला विकणं असं बऱ्याच जणांना वाटतं. ते पण करावं लागतं, कारण जेवढी करडं जन्मतात त्यातली थोडीच पुढं ठेवण्यासारखी असतात, पण माझं मुख्य काम म्हणजे दुसऱ्यांच्या कळपात आई-बाप म्हणून जातील अशा पाटी, म्हणजे अजून न व्यालेल्या तरण्या शेळ्या, आणि बोकड तयार करणं. आमचा भाग हा या जातीचं माहेरच, धाराशिव, लातूर, बीड, सोलापूर इकडं सगळीकडं तीच काळी शेळी दिसते, काहींच्या कानावर पांढरे ठिपके असतात, कान लोंबते, पाय उंच, आणि उन्हात बोर-बाभळीवर दिवसभर फिरून संध्याकाळी पोट भरून घरी येणारी.

आमच्याकडं शेळी ही बाईची असते. शेत नवऱ्याच्या नावावर, म्हैस मामंजींची, पण दावणीच्या चार शेळ्या आणि त्यांचा पैसा बाईच्या हातात. पोरांची फी, दवाखाना, माहेरचा आहेर, नड आली की एक करडू विकायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा आत्याबाईंच्या म्हणजे माझ्या सासूबाईंच्या दावणीला शेळ्या होत्या आणि त्या सारख्या म्हणायच्या की बोकडं बारीक निघायला लागलीत आता, आधी अशी नव्हती. मला वाटायचं जुन्या लोकांना जुनं सगळं मोठंच वाटतं. पण गावात नीट बघायला लागल्यावर कळलं की त्या बरोबर बोलतायत आणि त्याचं कारण पण समोरच आहे.

बकरी ईदच्या आधी दोन-तीन महिने व्यापारी गावोगाव फिरतात. ते काय घेतात? गावातला सगळ्यात उंच, वजनदार, अंगानं भरलेला, निर्व्यंग बोकड, कारण कुर्बानीला तसंच जनावर लागतं आणि त्याला किलोच्या भावापेक्षा वरचढ पैसे येतात. बाईला पैशाची गरज असते, ती देते, यात तिचं काही चुकत नाही आणि व्यापाऱ्याचं पण चुकत नाही. पण मागं काय उरतं? उशिरा जन्मलेला, आईला दूध कमी म्हणून खुरटलेला, ज्याला व्यापाऱ्यानं हात लावला नाही तो. मग पाऊस पडतो, हिरवा पाला येतो, शेळ्या माजावर येतात आणि गावात फिरणारा बोकड तोच एक असतो, सगळ्या शेळ्या त्यालाच जातात. दरवर्षी हेच. चांगला बोकड बाप व्हायच्या आधी जातो आणि खुरटा बाप होतो. कुणी ठरवून करत नाही पण निवड तर होतेच, फक्त उलट्या दिशेनं होते. 2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात 1 कोटी 6 लाखांच्या आसपास शेळ्या मोजल्या गेल्या, त्यातल्या बहुतेक अशाच दोन-चार, दोन-चार करून घराघरात आहेत आणि त्यांचा बाप कोण हे कुठंच लिहिलेलं नाही.

तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात प्रशिक्षण घेतलं तिथं खाद्य, लसी, शेड हे सगळं नीट कळलं, पण डोक्यात बसली ती एकच गोष्ट, नोंद नसेल तर पैदास नाही, नुसती वाढ आहे. तिथून मी या कामाला लागले.

सुरुवातीच्या शेळ्या बाजारातून घ्यायच्या नाहीत हे पक्कं केलं होतं. लातूर जिल्ह्यातला हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार एवढा मोठा, हजारो जनावर येतं, मन भरून येतं बघून, पण पैदाशीसाठी शेळी तिथं घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. एकतर बाई आपली चांगली शेळी बाजारात नेतच नाही, नेते ती उलटणारी म्हणजे गाभण न राहता परत परत माजावर येणारी, कासेत खोट असलेली नाहीतर म्हातारी. दुसरं म्हणजे बाजारात चार जिल्ह्यांची जनावरं एकाच जागी उभी असतात, पीपीआर म्हणजे शेळ्यांची मरी तिथनंच घरी येते. तिसरं, आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठं, बाजारातल्या शेळीला इतिहास नसतो. तिची आई कोण, तिनं किती दिली, काही सांगता येत नाही, विकणारा जे बोलेल ते खरं.

म्हणून मी घरोघर फिरले. आमचे हे मोटारसायकलवर न्यायचे आणि बाहेर पारावर बसायचे, मी आत बायांशी बोलायचे, कारण शेळीची खरी माहिती बाईलाच असते. नुसतं किती दूध देती असं विचारलं की सगळ्या भरपूरच म्हणतात. मी विचारायचे हिचं हे कितवं वेत, मागच्या वेताला किती झाली, त्यातली किती जगली, वरचं दूध पाजावं लागलं का, व्याल्यावर किती दिवसांनी परत माजावर आली. एका म्हाताऱ्या काकूंनी तर शेळीच्या पाठीवर हात ठेवून सगळी वेतं बोटावर मोजून सांगितली, पहिल्या वेताला एकच, त्या साली दुष्काळ होता, मग जुळं, मग जुळं, मग तीन झाली पण एक मेलं, मग परत जुळं. आणि ही तिची लेक, हिचं पण पहिल्यालाच जुळं. त्या बाईला लिहिता वाचता येत नव्हतं पण माझ्या वहीत आज जे आहे ते सगळं तिच्या डोक्यात होतं. त्या दोघी मायलेकी मी घेतल्या, मागितले तेवढे पैसे देऊन.

घेताना हातानं बघायच्या गोष्टी पण सांगते. आधी दात. दुधाचे दात बारीक असतात, साधारण वर्ष-सव्वा वर्षाला मधले दोन पडून रुंद येतात, पुढं वर्षाला एक जोडी धरून चार वर्षांच्या आसपास आठी पुरे होतात, त्यानंतर झिजत जातात आणि फटी पडतात. मग कास. दूध काढायच्या आधी आणि काढल्यावर दोन्ही वेळा बघायची, दूध काढल्यावर ती रिकाम्या पिशवीसारखी मऊ पडली पाहिजे, काढूनही टणकच राहिली तर ती मांसाची कास, दिसायला मोठी पण करडं उपाशी. दोन सड सारखे, गाठ नको, जोडसड म्हणजे एकाला चिकटलेला दुसरा सड नको. आणि आणलेली शेळी तीन आठवडे आपल्या शेळ्यांपासून लांब बांधायची, कितीही ओळखीच्या घरातली असली तरी.

मग वही. लांब रजिस्टर आहे, प्रत्येक शेळीला एक पान. कानात बिल्ला, पानावर तोच नंबर, खाली आईचा नंबर, बापाचा नंबर, जन्म एकटा की जुळा की तिळा, मग जन्माचं वजन, तीन महिन्याचं, सहा, नऊ, बारा. शेळी असेल तर कधी लावली, कुणाला लावली, कधी व्याली, काय झालं, किती जगलं. करडाचं वजन घ्यायला आढ्याला ताणकाटा टांगलाय, आत्याबाईंच्या जुन्या लुगड्याची झोळी केलीय, करडू त्यात ठेवलं की चारी पाय बाहेर लोंबतात आणि ते गप राहतं, काटा थांबला की लगेच आकडा लिहायचा, नंतर लिहू म्हटलं की आकडा बदलतोच. जन्मताना दोन ते अडीच किलोच्या आसपास भरतात, तिळ्यातलं त्याहून कमी.

आता खरी गोष्ट ही आहे की नुसती वजनं घेऊन पण निवड चुकते. एकट्यानं जन्मलेला बोकड आईचं सगळं दूध एकटाच पितो, तीन महिन्याला तो जुळ्यातल्या बोकडापेक्षा वजनदार असणारच, केस चमकतात, छाती रुंद, उभा राहिला की नजर त्याच्यावरच जाते. बघायला येणारा माणूस शंभरातल्या नव्वद वेळा तोच मागतो. आणि तो ठेवला तर काय होतं? ज्या शेळीनं एकच दिलं तिचा वाण पुढं गेला, जुळं देणारीचा मागं राहिला. उस्मानाबादीचं नाव कशावर आहे तर जुळ्यावर आणि काटकपणावर. म्हणून मी एकट्याची तुलना एकट्याशी, जुळ्याची जुळ्याशी करते, ती पण त्याच हंगामात जन्मलेल्यांशी. पावसाळ्यात जन्मलेलं आणि हिवाळ्यात जन्मलेलं एका रांगेत लावून उपयोग नाही.

वजन वाढायचा गुण आई-बापाकडनं बऱ्यापैकी उतरतो, बापाचं वजन चांगलं तर करडांमध्ये ते दिसतं. पण जुळं देण्याचा गुण वारशानं लई थोडा उतरतो, त्यात खाणं, हंगाम, शेळीचं वय यांचाच हात मोठा. म्हणजे एका वेताला तीन झाली म्हणून ती शेळी भारी असं होत नाही. तिची तीन-चार वेतं बघायची, तिच्या आईची बघायची, बहिणींची बघायची, तेव्हा कुठं अंदाज येतो. मेंढ्यांमध्ये वेगळी सोय आहे, फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालमधल्या सुंदरबनच्या गरोळ मेंढीतला जुळं देणारा जनुक दख्खनी मेंढीत आणला, तो एकच जनुक एवढा मोठा फरक करतो आणि रक्त तपासून कोणत्या मेंढीत आहे ते कळतं. त्या मेंढीला नारी सुवर्णा म्हणतात. आमच्या शेळीत तसलं एका तपासणीवर भागणारं काही हाताशी नाही, आमच्याकडं वहीच. म्हणून मी बोकड दाखवायच्या आधी त्याच्या आईचं पान उघडते, लोकांना कंटाळा येतो, येऊ दे.

पानावर पास झालेला बोकड मग हातानं तपासायचा. तोंड बंद करून ओठ वर करते, खालचे दात वरच्या हिरडीला बरोबर टेकले पाहिजेत, पुढं गेलेले किंवा मागं राहिलेले असतील तर तो बाद, चरताना पाला तोडताच येत नाही आणि हा दोष पुढच्या पिढीत जातो. मग मागून दोन्ही अंड हातात घेऊन बघायची, सारखी आहेत का, खाली नीट उतरलीत का, घट्ट आहेत का, एक वर राहिलेलं असेल तर तो कितीही देखणा असू दे खच्ची करून वेगळा. बोकडाला पण दोन बारीक सड असतात, तिथं जोडसड असेल तरी बाद, कारण त्याच्या लेकींच्या कासेत ते येऊ शकतं. मग चालवून बघायचं, मागचे पाय गुडघ्यात एकमेकांना घासत नाहीत ना, खुराच्या वर पाय ढिला पडत नाही ना. बोकडाचा सगळा भार चढताना मागच्या पायावर येतो, पाय कच्चा असेल तर दोन हंगामात बसतो.

अजून एक गोष्ट जी फार थोड्या लोकांना माहीत असते. शिंगं नसलेली भुंडी शेळी लोकांना आवडते, मारत नाही म्हणून, आणि मग बोकड पण भुंडाच शोधतात. हे करू नका. दोन्हीकडनं भुंडेपणाचा गुण आला की त्यातल्या काही पाटी नीट मादी म्हणून घडतच नाहीत, बाहेरून पाटीसारख्या दिसतात पण धड मादी नाही धड नर नाही, माजावर येत नाहीत आणि कधीच गाभण राहत नाहीत. हा शेळ्यांमधला माहीत असलेला प्रकार आहे. सोपा उपाय, जोडीतलं एक तरी शिंगाचं पाहिजे. मी बोकड कायम शिंगाचाच ठेवते, मग शेळी भुंडी असली तरी भीती नाही.

लावण्याचं म्हणाल तर बोकड मी शेळ्यांपासून वेगळा ठेवते. मोकळा सोडला की कोण कधी लागलं ते कळत नाही आणि वहीत बापाच्या जागी प्रश्नचिन्ह येतं. सकाळ-संध्याकाळ त्याच्या पोटाला गोणपाटाचा पडदा बांधून शेळ्यांमधून फिरवायचा, जुन्या मेंढपाळांची पद्धत आहे ही, चढला तरी काही होत नाही पण माजावर कोण आहे ते लगेच कळतं. माजावरची शेळी ओरडते, खात नाही, शेपूट सारखं हलवते, मागून काचेसारखी बळस म्हणजे चिकट स्राव पडतो आणि बोकडासमोर थांबून राहते. माज साधारण एक ते दीड दिवस राहतो, म्हणून संध्याकाळी दिसली तर सकाळी लावायची आणि परत संध्याकाळी. नाही राहिली तर 18 ते 21 दिवसांत उलटते, म्हणून लावल्याची तारीख लिहिली की पुढं एकवीस दिवसांवर पण खूण करून ठेवते.

बोकड लांब ठेवण्याचा अजून एक फायदा, बरेच दिवस त्याचा वास-आवाज नसताना एकदम आणला की आठवडाभरात बऱ्याच शेळ्या एकदमच माजावर येतात, मग पाच महिन्यांनी विणं पण एकदम होतं आणि करडांची तुलना सारखी होते. लावायच्या दोन-तीन आठवडे आधी शेळीला रोज पाव किलोच्या आसपास मक्याचा भरडा वाढवायचा, अंगानं चढतीला लागलेली शेळी जास्त वेळा जुळं धरते. मी जून-जुलैमध्ये लावते म्हणजे 150 दिवस धरून नोव्हेंबर-डिसेंबरला विणं येतं. तेव्हा तुरीचा, हरभऱ्याचा पाला आणि भुसकट मिळायला लागतं, थंडी असते पण ओल नसते. ऐन पावसाळ्यात जन्मलेली करडं न्यूमोनियानं जातात हे मी शेजारच्या गोठ्यात दरसाल बघते.

त्या महिन्यात झोप नसते. शेळी बसते उठते, पायानं माती उकरते, शेपटीच्या दोन्ही बाजूला खड्डे पडतात, मग कळतं आज रात्रीच. दोन पाय आणि त्यावर नाक असं दिसलं की हात लावायचा नाही, ती आपलं आपण करते. नाळेला आयोडीन, नाकातोंडातलं पुसायचं, आणि अर्ध्या तासात चीक पोटात गेला पाहिजे. यात बायकांमध्ये एक समज पक्का आहे की वार म्हणजे जार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही. आत्याबाईंचं आणि माझं यावरनं बरंच झालं, त्या म्हणायच्या करडाला बाधतं. वार पडायला कधी चार-पाच तास पण लागतात, तोपर्यंत करडू गार पडून जातं, आणि उलट करडू प्यायलं की वार लवकर पडते. एका तिळ्याच्या वेळी त्यांच्या डोळ्यासमोर मी तिन्ही लगेच सडाला लावली, सगळ्यात बारकं होतं त्याला उभं राहता येत नव्हतं, चीक काढून बाटलीनं घोट घोट पाजला आणि चुलीपाशी पोत्यात गुंडाळून ठेवलं. तिन्ही जगली. तेव्हापासून आत्याबाईच गावातल्या बायांना सांगतात, वारेची वाट बघू नका.

लसीकरणाचं थोडक्यात, तीन महिन्यांवर पीपीआर, पावसाळ्याच्या आधी आंत्रविषार म्हणजे आतड्यात विष होण्याच्या रोगाची, लाळ्या-खुरकताची सहा महिन्यांनी. आंत्रविषाराचं विशेष सांगते कारण पहिल्या पावसानंतरच्या कोवळ्या हिरव्यावर सगळ्यात जास्त खाणारं, सगळ्यात दांडगं करडूच आधी जातं, म्हणजे जे ठेवायचं तेच.

ज्या बोकडांना पुढं ठेवायचं नाही त्यांना तीन महिन्यांच्या आसपास डॉक्टरांकडनं चिमटा लावून खच्ची करून घेते. ते मटणाला, ईदला जातात आणि घर चालतं ते त्यावरच, आमच्याकडं जिवंत वजनाला किलोला साडेतीनशे-चारशेच्या आसपास भाव लागतो.

आणि आता ईदचं. ज्या बोकडाच्या जोरावर माझा आजचा कळप उभा आहे तो 14 नंबरच्या शेळीचा, जुळ्यातला. काकूंकडनं आणलेल्या त्या लेकीची ही पाट. ईदच्या आधी व्यापारी आले, वर्षानुवर्षं येणारे आहेत, मी त्यांना भाई म्हणते. गोठ्यात शिरले आणि खच्ची केलेल्यांकडं न बघता सरळ त्याच्याजवळ गेले, कमरेवर बोटं दाबली, छातीखाली हात घातला, म्हणाले, ताई, तोंडानं मागा, आत्ता रोख देतो. सोयाबीनच्या बियाण्याचे दिवस, खताची उधारी, आमचे हे दारात उभे होते, काही बोलले नाहीत पण मला त्यांचा चेहरा कळत होता. मी म्हटलं भाई हा विकायचा नाही. ते म्हणाले, मग याचं काय करणार, म्हातारा करणार? भाव अजून वाढवला. एवढे पैसे एका जनावराला आमच्या दारात कधी कुणी बोलले नव्हते.

मी आत जाऊन वही आणली आणि यांच्यासमोर धरली. 14 नंबरची चार वेतं, सगळी करडं जगलेली, याचं तीन महिन्याचं वजन त्या हंगामातल्या सगळ्या जुळ्यांमध्ये वरचं, सहा महिन्याचं पण. यांना म्हटलं हे पैसे एकदाच येतील, आणि याची एका हंगामाची करडं जर एक-एक किलोनं जरी जड निघाली तर तुम्हीच हिशोब करा. यांनी हिशोब केला, हे हिशोबाला पक्के आहेत, आणि भाईंना चहा पाजून खच्ची केलेले दोन दिले. बियाणं उधारीवर आणलं त्या वर्षी. सोपं नव्हतं ते, जिच्या घरात खरंच अडलंय तिला मी कधीच म्हणणार नाही की तू बोकड धरून ठेव.

पण त्या भाईंची नजर तयार आहे हे मी मानते. हजारो जनावरं हातानं चाचपलेला माणूस. आता ते आले की मी गोठ्यात त्यांना मोकळं सोडते आणि ते सगळ्यात आधी कशाला हात लावतात ते बघत राहते, आणि त्याच रात्री त्या बोकडाचं पान काढून बसते. दोन्ही जुळलं की तो ठेवायचा.

चांगला बोकड मिळाला तरी तो कायमचा ठेवता येत नाही. त्याच्या लेकी आठ-दहा महिन्यांत माजावर येतात, तिथंच राहिला तर बाप लेकीलाच जातो, मग करडं लहान, मरतुकडी, तोंड वाकडं असलेली निघायला लागतात. लोक म्हणतात आमच्या बोकडाला पाच वर्षं झाली, लई चांगला आहे. असेल चांगला, तिथून हलवा. मी दीड-दोन वर्षांत बोकड बदलते. लोहारा तालुक्यात एक जण माझ्यासारख्याच नोंदी ठेवतात, आम्ही बोकडांची अदलाबदल करतो, दोन्हीकडनं आधी ब्रुसेलाची, म्हणजे शेळ्या गाभडवणाऱ्या रोगाची, रक्ततपासणी, कारण बोकड एकदा रोग घेऊन आला की सगळ्या शेळ्यांना वाटत फिरतो आणि तो माणसाला पण होतो. त्यांचा बोकड आला की त्याच्या आईच्या पानाची झेरॉक्स पण येते, माझी जाते.

आता सगळीकडं बोअर, सिरोही, बीटल या बाहेरच्या जातींचं चाललंय. परदेशी बोअर वजनाला चांगलाच आहे, मटणासाठी गावठी शेळीला लावून पहिल्या पिढीची करडं विकायची असतील तर माझी काही हरकत नाही. पण त्या संकरातल्या पाटी ठेवून परत त्यावर अजून तिसरं काहीतरी लावायचं, मग शेवटी जे राहतं ते ना वजनाला ना दुधाला ना आमच्या उन्हाला. एका ठिकाणी तर शुद्ध उस्मानाबादी म्हणून गाडी भरून शेळ्या दिल्या, आमच्या पाहुण्यांनी घेतल्या, बाजारातल्या नुसत्या काळ्या बघून गोळा केलेल्या, निम्म्या उलटणाऱ्या. काळा रंग म्हणजे उस्मानाबादी नव्हे. विचारा आईचं पान आहे का, नसेल तर ती मटणाच्याच भावात घ्या.

माझे बोकड मटणाच्या भावापेक्षा महाग असतात आणि त्यावर घासाघीस करणाऱ्याला मी देत नाही. त्यामागं दोन पिढ्यांची वजनं आहेत, जागरणं आहेत, आणि जे बाद केले ते सगळे आहेत.

गावातल्या बायांसाठी मात्र वेगळी व्यवस्था केलीय. त्यांच्या शेळ्या माजावर आल्या की माझ्याकडं आणायच्या, पैसे घेत नाही, एकच अट, झालेल्या करडांचं तीन महिन्यांनी माझ्या काट्यावर वजन करू द्यायचं आणि नर चांगला निघाला तर ईदच्या व्यापाऱ्याच्या आधी मला दाखवायचा, मी व्यापाऱ्याएवढाच भाव देते. पहिल्यांदा तीन-चार जणीच यायच्या, आता माळावरच्या वस्तीवरनं पण येतात. मागच्या हिवाळ्यात तिथल्या एका वहिनीच्या शेळीला दोन नर झाले, दोन्ही वजनाला माझ्या करडांच्या बरोबरीचे. तिला मी वही घेऊन दिलीय, तिची पोरगी आठवीत आहे ती लिहिते, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. त्या दोघांतला एक सहा महिन्याच्या वजनावर ठरेल, ठरला तर पुढच्या जूनला तो लोहाऱ्याला जाईल आणि पानावर आईच्या पुढं त्या वहिनीच्या शेळीचा नंबर असेल.